शनीची कडी

वेधशाळेत शनी बघायला बाबा, मी आणि माझी लेक रांगेत उभे होतो, तर बाबा सरळ पुढे घुसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वा! कडी काय स्पष्ट दिसतायत!" दुर्बिणीला डोळा लावून ते म्हणाले.

मग मी वाकले, तर नुसता काळोख. "अहो, शनी कुठंय?" मी दुर्बीणवाल्यावर खेकसले.

त्यानं जीभ चावली. "सॉरी ताई, भिंगावरचं झाकण काढायचंच राहिलं."

सगळे हसले. मी वळून बाबांकडे बघितलं. हल्ली बाबा चहा कपाबाहेर ओततात आणि खापर कपावर फोडतात.

बाहेर येताच बाबांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि माझ्या लेकीला म्हणाले, "चल गं, आता पुढे बस, आजोबांशेजारी."