सरळ झाडाचा वाकडा फोटो

स्वतःच्या चष्म्याच्या दुकानात उरलेल्या काचांपासून कॅमेऱ्याची भिंगं बनवणाऱ्या माणसाला गल्ली दुसरं काय म्हणणार? भिंगकाका. जुन्या प्रोजेक्टरचं भिंग, फुटक्या दुर्बिणीचं भिंग, कुणा आजोबांच्या चष्म्याची बाटलीच्या बुडासारखी काच, काहीही पत्र्याच्या नळीत बसवायचं, कॅमेऱ्याला लावायचं आणि सुट्टीच्या दिवशी जंगल गाठायचं. फोटो फक्त झाडांचे आणि तेही काळेपांढरे. "रंग असला की माणूस पानं बघतो, झाड बघत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यावर बायकोचंही उत्तर ठरलेलं, "आणि तुमच्या फोटोत धड पानंही दिसत नाहीत."

या हौसेत एकदा माशी शिंकली. दोन काचा जोडून केलेल्या नव्या भिंगातून ते एका उंच झाडाकडे बघत होते. झाड ओळखीचं, खांबासारखं सरळ; आधीही कितीदा त्याचे फोटो काढलेले. पण आज फोटो काढताना त्याचा बुंधा त्यांना गुडघ्यात मोडल्यासारखा वाकडा दिसला.

दुसऱ्या कुणी भिंगाला शिव्या घातल्या असत्या. भिंगकाकांनी आधी स्वतःचे डोळे चोळले. त्यांच्या थोरल्या भावाचं, दादाचं, असंच सुरू झालं होतं. आधी दाराची चौकट वाकडी दिसायला लागली, मग पुस्तकातल्या ओळी आणि शेवटी जिथे बघावं तिथे मधोमध काळा डाग. डोळ्याच्या पडद्याचा आजार, घराण्यात चालू शकतो, असं डॉक्टर म्हणाले होते.

खरं तर दुकानाच्या भिंतीवरच चौकटींचा तक्ता टांगलेला होता. एकेक डोळा झाकून बघितलं की रेघा सरळ दिसतात की वाकड्या, ते लगेच कळतं. गिऱ्हाइकांना ते रोज त्याच्यासमोर उभं करत आणि स्वतः तक्त्याकडे पाठ करून उभे राहत. दुनियेला डोळे तपासून घ्या म्हणून सांगणारा हा माणूस! पण म्हणतात ना, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. धसका घेतल्यावर त्यांना दुकानाची फळीसुद्धा वाकडी वाटायला लागली. त्या फोटोचा रोल त्यांनी न धुताच कपाटात टाकला, जंगलात जाणं बंद केलं आणि बायकोशीही मान खाली घालूनच बोलू लागले.

बायकोने बरेच दिवस हे चालवून घेतलं. मग एका सुट्टीच्या सकाळी तिने स्वतःच न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड लावलं, ट्रे मांडले आणि म्हणाली, "आज तो रोल धुवा. नाहीतर या कापडाचं मी पायपुसणं करणार. घरात असं तोंड पाडून बसलेलं मला बघवत नाही."

भिंगकाकांचा नाइलाज झाला. फिल्म धुतली, वाळली, दुपारी त्यांनी फोटो छापायला घेतला. लाल दिव्यात कागद हलवताना आयुष्यात पहिल्यांदा ते मनापासून विनवत होते, की फोटो बिघडू दे. दोष भिंगाचा असेल तर झाड कागदावरही वाकडंच येणार. हळूहळू झाड उमटलं. वाकडं! त्यांना हायसं वाटतंय न वाटतंय तोच मनात आलं, हे कागदावर वाकडं आहे की माझ्या डोळ्यात?

ओला फोटो घेऊन ते स्वयंपाकघरात आले. "अगं, हे झाड कसं दिसतंय? नीट बघून सांग."

बायकोने फोटो पाहिला आणि नवऱ्याचा उतरलेला चेहराही पाहिला. एरवी तिने नाक मुरडलं असतं. पण किती दिवसांनी माणूस कामाला लागला होता! "छान आलंय की," ती म्हणाली. "अगदी सरळसोट."

भिंगकाका मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे दादासारखंच झालं माझं," असं म्हणून त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"अहो, खोटं बोलले मी!" बायको ओरडलीच. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून! चांगलं वाकडं आहे ते!"

"हे पण मला बरं वाटावं म्हणूनच म्हणतेयस."

"कप्पाळ माझं!"

तिने शिवणाच्या डब्यातून दोरा काढला आणि बुंध्याच्या कडेने वरून खाली ताणून धरला. दोरा सरळ खाली आला. बुंधा मात्र अर्ध्यातून त्याला सोडून खुशाल बाजूला गेला. भिंगकाकांनाही तो दोरा सरळच दिसत होता. डोळ्यांचा दोष असता तर दोन्ही एकदमच वाकले असते.

ते दोरा घेऊन तसेच उठून घराखालच्या दुकानात गेले, भिंग खोललं आणि त्यातली पातळ काच दोऱ्यावर धरली. वरच्या भागातून दोरा सरळ, खालच्या भागातून वाकडा. वरून लांबचं, खालून जवळचं बघायची, मध्ये रेघ नसलेली काच! साधी समजून त्यांनीच ती नळीत बसवली होती. जन्म गेला या काचा विकण्यात.

मग ते तक्त्यासमोर उभे राहिले. उजवा डोळा, डावा डोळा. रेघन् रेघ सरळ होती. त्यांना इतकं हलकं वाटलं की ते एकटेच मोठ्याने हसले.

बायको मागून आली होती. ती हसत नव्हती. "म्हणून इतके दिवस माझ्या तोंडाकडे बघत नव्हतात?"

"तुझा चेहरा वाकडा दिसला असता, तर ते मला सोसलं नसतं गं."

"आणि मला वाटत होतं, तुम्हाला माझा कंटाळा आलाय."

हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी तिला दाराशी उजेडात उभं केलं आणि एक डोळा झाकला.

"आता माझी कसली तपासणी?"

"गप. हलू नकोस."

मग त्यांनी दुसरा डोळा झाकून पाहिलं. नाक जागच्या जागी होतं, नाकावरचा रागही. तिचे डोळे तेवढे भरून आले होते. डोळ्यावरचा हात त्यांनी खाली घेतला आणि पोटभर बघत राहिले.