विचिटाला गेलेलं विमान

ल्युएलाच्या खानावळीतलं खिडकीजवळचं टेबल सकाळी सातला भरायचं आणि साडेसातच्या आत तिथं पेल्टन कॉलेजच्या बास्केटबॉल संघाची पुढच्या वर्षाची सगळी व्यवस्था लागलेली असायची. कोणाला ठेवायचं, कोणाला हाकलायचं, कोणाला कुठून उचलून आणायचं, सगळं. ज्यांना स्वतःच्या बुटाची नाडी बांधायला खाली वाकवत नव्हतं, ते वीस वर्षांच्या पोरांना पाय कसे हलवावेत ते शिकवायचे. वर्ना किम्ब्रो हे एकवीस वर्षं ऐकत आली होती. या टेबलावर पावासारखी मऊ बिस्किटं आणि पांढरी ग्रेव्ही रोज मागवली जाते, अक्कल कोणी मागवत नाही, हे तिचं मत पहिल्या दिवसापासून कायम होतं.

तरी ती रोज यायची. माणसांना तुच्छ लेखायचं तर ती समोर असावी लागतात.

शिवाय तिच्या तुच्छतेला आधार होता. कॉलेजच्या सामन्यांची अधिकृत नोंदवही तिच्याकडे असायची. मैदानाच्या कडेला मधोमध मांडलेल्या टेबलाशी, पट्ट्यापट्ट्यांचा काळा-पांढरा शर्ट घालून, ती पेन्सिलीनं एकेक बास्केट, एकेक फाउल लिहायची. भिंतीवरच्या फलकात आणि तिच्या वहीत फरक पडला तर पंच तिच्याकडे धावत यायचे, फलकाकडे नाही. एकवीस वर्षांत तिची वही एकदाही चुकली नव्हती, आणि ही गोष्ट पेल्टन गावात कोणाला ठाऊक नसेल तर ती स्वतः सांगायला कमी करत नसे.

एप्रिलचा पहिला आठवडा होता. हंगाम संपला होता आणि पोर्टल उघडलं होतं. म्हणजे ज्या खेळाडूला कॉलेज बदलायचं असेल त्यानं त्या यादीत नाव टाकायचं आणि दुसऱ्यांनी त्याला उचलायचं. टेबलावर आठ दिवस एकच विषय चघळला जात होता: पुढच्या वर्षी पॉइंट गार्ड कोण? चेंडू घेऊन वर येणार कोण आणि खेळ चालवणार कोण?

"मेबरी?" होबार्ट स्टाइल्सनं काटा हवेत फिरवला. हा निवृत्त विमा एजंट. आयुष्यभर लोकांना मरणाची भीती घातली, आता संघाच्या मरणाची घालायचा. "अरे, त्या पोराला ओहायो नदीच्या मधोमध उभा करा आणि म्हणा, बाबा, पाण्यात दगड टाक. तो दगड काठावर जाऊन पडेल."

डेन्झिल क्रूम इतका हसला की त्याला कॉफीचा ठसका लागला. याचं टायरचं दुकान होतं आणि होबार्टच्या विनोदाला हसणं हा त्याचा दुसरा धंदा होता.

"तुला काय, नुसता नेम दिसतो," वर्ना म्हणाली. "एकशे चौऱ्याऐंशी असिस्ट. त्याच्या पासवर एकशे चौऱ्याऐंशी वेळा दुसऱ्यानं बास्केट टाकलं. आणि चेंडू गमावला किती वेळा? एकोणपन्नास. अख्ख्या हंगामात. तुझ्या त्या टकर व्हिटनं निम्म्या वेळात बासष्ट वेळा घालवला."

"टकर अजून पहिल्या वर्षाचा आहे गं! आपल्या मातीतला पोरगा. त्याच्या बापाला मी ओळखतो."

"मग बापाला खेळव. टकरचा डावा हात फक्त शर्टाची बाही भरायला आहे. त्याला उजवीकडून अडवलं की बिचारा दिशा विचारत उभा राहतो."

"टकर नको, मेबरी नको," डेन्झिल म्हणाला. "आपल्याला बर्च हवा. आयझेया बर्च. सामन्याला एकवीस गुण. परवा पोर्टलवर नाव टाकलंय त्यानं."

"आणि तो पेल्टनला येईल. कशासाठी? तुझे टायर बघायला?"

वर्ना वरकरणी अशी झोडत होती, पण आतून तिला धाकधूक होती. तिला एकच गोष्ट हवी होती: जाव्हॉन मेबरीनं राहावं. त्याचं एक वर्ष उरलं होतं आणि राहतो की जातो हे त्यानं अजून जाहीर केलं नव्हतं. प्रत्येक सामन्यानंतर तो पोरगा घाम पुसत तिच्या टेबलाशी यायचा. "मिस वर्ना, आज किती घालवले?" फेब्रुवारीत एकदा तिनं एक गमावलेला चेंडू टकरच्या नावावर लिहिला, तर मेबरी म्हणाला, "नाही मिस वर्ना, पासच वाकडा होता. माझ्या नावावर घ्या." स्वतःची चूक स्वतःच्या खात्यात मागून घेणारा खेळाडू तिनं एकवीस वर्षांत पाहिला नव्हता. असलं माणूसच तिनं फारसं पाहिलं नव्हतं. त्या पोरावर तिचा जीव होता आणि हे टेबलावर कळलं असतं तर होबार्टनं तिला जगू दिलं नसतं, म्हणून ती आकडे बोलायची.

त्या मंगळवारी होबार्टनं फोन काढला. कोचना कुठं उडायचं असलं की ट्रॅक्टरवाला टॅकेट आपलं छोटं विमान द्यायचा, आणि त्या विमानाच्या शेपटावरचा नंबर पेल्टनमध्ये निम्म्या लोकांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ होता. विमान कुठं उतरलं ते फोनवर दिसतं. विमान जिथं, कोच तिथं. कोच जिथं, नवा खेळाडू तिथं. गावाचं तर्कशास्त्र एवढंच.

"नॅशव्हिल!" होबार्टनं जाहीर केलं. "काल गेलं, आज सकाळी परत."

वर्नानं फोनमध्ये डोकावलं आणि तिला मनापासून आनंद झाला. "होबार्ट, हा दाताच्या डॉक्टरचा नंबर आहे. शेवटून दुसरा आकडा बघ. डॉक्टर मॉबली बायकोला गाणी ऐकवायला घेऊन गेलेत. त्यांना पॉइंट गार्ड म्हणून घ्यायचा विचार आहे का तुझा?"

डेन्झिल या वेळी होबार्टवर हसला. होबार्टचे कान लाल झाले. इथं वर्ना थांबली असती तर बरं झालं असतं. पण दुसऱ्याची चूक दाखवण्याची ज्याला गोडी लागते त्याला बरोबर उत्तर दिल्याशिवाय चैन पडत नाही. तिनं चष्मा लावला, आपल्या फोनवर खरा नंबर घातला आणि शाळामास्तरणीच्या सुरात वाचून दाखवलं, "टॅकेटचं विमान. काल दुपारी विचिटाला उतरलं. अजून तिथंच आहे."

होबार्टनं काटा खाली ठेवला. मग डेन्झिल हळूच म्हणाला, "बर्च विचिटाचा आहे."

होबार्टनं तिथल्या तिथं गावच्या रेडिओला फोन लावला. सकाळच्या कार्यक्रमात तो दर आठवड्याला अक्कल पाजळायचाच. "झालं बरं का मंडळी, काम झालं! कोच विचिटात बसलेत. बर्च आपला. मेबरीनं बॅग भरायला घ्यावी. आणि हे काही माझं ऐकीव नाही हं, आपल्या वर्ना किम्ब्रोनं स्वतः बघून सांगितलंय. हो, वहीवाल्या वर्नानंच. इथं शेजारीच बसलीय."

त्यानं फोन तिच्यापुढे धरला. वर्नाला म्हणता आलं असतं, की मी विमान सांगितलं, बर्च नाही. ते तिच्या मनातही आलं. पण अख्ख्या गावापुढे होबार्टनं तिचा हवाला दिला होता, होबार्टनं, ज्यानं जन्मात तिचं काही कबूल केलं नव्हतं.

"विचिटाच आहे," ती फोनमध्ये म्हणाली. "मी दोनदा बघितलंय."

दुपारपर्यंत पेट्रोल पंपावर, चर्चच्या स्वयंपाकघरात, कॉलेजच्या पोरांच्या फोनांवर, सगळीकडे तेच. कोणीतरी बर्चला पेल्टनचा शर्ट घातलेलं चित्रसुद्धा बनवलं. त्याखाली शेकडो लोकांनी मेबरीला निरोप दिला होता. काहींनी चांगल्या शब्दांत दिला होता, पण ते शोधावे लागत.

बुधवारी सकाळी मेबरीचं नाव पोर्टलवर आलं. संध्याकाळी आयझेया बर्चनं टेनेसीतलं एक कॉलेज जाहीर केलं आणि म्हणाला, पेल्टन कुठं आहे ते मला माहीत नाही.

गुरुवारी टेबलावर होबार्टचा चेहरा जराही उतरला नव्हता. असल्या माणसांचे चेहरे उतरत नाहीत, त्यांचा दोष फक्त दुसऱ्याच्या अंगावर उतरतो. "पळाला बघ," तो म्हणाला. "एक अफवा काय उठली आणि शेपूट घातली. आजकालच्या पोरांना निष्ठा म्हणून काही नाही."

"तसा वाईट नव्हता मेबरी," डेन्झिल म्हणाला. "चेंडू फारसा घालवायचा नाही."

वर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "परवा कोण बोंबलत होतं? बॅग भर म्हणून कोणी सांगितलं त्याला? तुम्ही दोघांनी मिळून एक आख्खा संघ खाल्लात आणि वर ढेकर देताय! आता टकर खेळव, टकर! आणि पहिल्या सामन्यात चेंडू प्रेक्षकांत गेला की तूच झेल, होबार्ट."

"अगं, पण तूच तर—"

"मी विमान सांगितलं होतं," ती म्हणाली. बिलाचे पैसे ठेवून ती ताडकन बाहेर पडली.

हंगामाची वही कॉलेजात जमा करायची होतीच. व्यायामशाळेच्या लांब बोळात जाव्हॉन मेबरी आपलं कपाट रिकामं करत होता. बूट, टॉवेल, गुडघ्याच्या पट्ट्या एका खोक्यात चालल्या होत्या. तिला बघून तो सरळ उभा राहिला.

"मिस वर्ना."

"जाव्हॉन, हा मूर्खपणा आहे," ती म्हणाली. प्रेमानं कसं बोलायचं हे तिला फारसं येत नव्हतं. "बर्च येत नाहीये. कधी येणारच नव्हता. त्या दोन थेरड्यांच्या बडबडीवर तू कॉलेज सोडतोस? नाव मागे घे."

"नेब्रास्काच्या कॉलेजला शब्द दिलाय मी. काल रात्री."

"मग कोच विचिटाला काय झक मारायला गेले होते?"

मेबरीनं तिच्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता. तिला ठाऊक नाही याचं त्याला नुसतं आश्चर्य वाटलेलं दिसलं.

"माझ्याबरोबर आले होते," तो म्हणाला. "आजी गेली माझी. मंगळवारी सकाळी मयत होतं. तिनंच वाढवलं मला. मी विचिटाचा आहे, मिस वर्ना."

"तू व्हर्जिनियाचा आहेस," वर्ना म्हणाली. आपण काय बोलतोय हे तिला बोलून झाल्यावर कळलं. संघाच्या छापील यादीत त्याच्या नावापुढे व्हर्जिनियातल्या वसतिगृहाच्या शाळेचं गाव होतं. तीन वर्षं ती तेच उतरवून घेत आली होती. त्याच्या प्रत्येक पासचा हिशोब तिच्याकडे होता, आणि तो घरी कुठं जातो हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

"चर्चमध्येच फोन वाजायला लागले," तो सांगत होता. "माझ्या भावानं वाचून दाखवलं. मी म्हटलं, हे होबार्ट स्टाइल्स आहेत, सोड. ते मला दर आठवड्याला काढून टाकतात. मी त्यांचं कधी मनावर घेतलं नाही, खरं सांगतो. सोमवारी विमानात मी कोचना सांगितलं होतं, की मी राहणार."

"मग?"

"मग भाऊ म्हणाला, रेडिओवर एक बाई पण आहे. त्यानं मला ऐकवलं. तुमचा आवाज होता." त्यानं एक बूट उचलला, खोक्यात नीट बसवला. "सोमवारी संध्याकाळी कोच दोन तास कुठंतरी बाहेर होते. मग माझ्या डोक्यात बसलं, बर्चकडेच गेले असणार. माझ्या आजीच्या मयताचं निमित्त करून."

"कोचना विचारलंस का?"

"विचारलं. नाही म्हणाले. जेवायला गेलो होतो म्हणाले." त्यानं टॉवेल खोक्यात टाकला. "पण कोचना नोकरी सांभाळायची असते, मिस वर्ना, ते काहीही म्हणतील. तुम्हाला खोटं बोलायची काय गरज? म्हणून मी तुमचं धरलं."

वर्नानं वही छातीशी घट्ट धरली. होबार्टला, डेन्झिलला, सगळ्या पेल्टनला पुरून उरेल एवढं तोंड होतं तिला, आणि या पोरापुढे त्यातून एक वाक्य निघायला केवढा वेळ लागला.

"मी फक्त विमान कुठं उतरलं तेवढं सांगितलं होतं," ती म्हणाली.

"हो," खोकं उचलत मेबरी म्हणाला. "आणि ते बरोबरच होतं."