परत वाचा

लवूने काठीचा शेवटचा तुकडा बाहेर ओढला, पिळून घट्ट केला आणि सायकलच्या जुन्या ट्यूबने ती पाण्याच्या टाकीच्या पाइपाला बांधली. वाऱ्याने ती लगेच वाकली. एकात एक सरकणारी फायबरची काठी, पिशवीत मावेल एवढी. तिच्या अंगाने वर गेलेली तार हाच त्याच्या रेडिओचा अँटेना. पूर्वी याच गच्चीवर त्याचा कायमचा अँटेना होता. त्या अँटेनामुळे टीव्ही बिघडतो, डोकं दुखतं, झालंच तर गच्चीही गळते, असं म्हणून सोसायटीने तो उतरवायला लावला होता. आता उघडायचं, बोलायचं आणि गुंडाळून खाली न्यायचं, एवढीच परवानगी. मुंबईत चारकोपात राहायचं तर सोसायटीचं ऐकावंच लागतं.

"धरू का?" त्याच्या बायकोने, शेवंतीने विचारलं.

"धर. तारेला हात लावू नको. खाली, काठीला धर."

"तारेला नाही, खाली काठीला," ती म्हणाली आणि तिने दोन्ही मुठींनी काठी पकडली.

ही सवय त्याचीच, तिलाही लागलेली. हॅम रेडिओवाल्यांची, म्हणजे हौशी बिनतारीवाल्यांची, रीतच तशी. निरोप आला की तो शब्दन् शब्द परत वाचून दाखवायचा, आणि समोरचा "बरोबर" म्हणाला की मगच तो पोचला म्हणायचा. टेलिफोन खात्यात असताना लवूने हौसेने लायसन्स काढलं आणि ही रीत सरळ घरात आणली. "लिंबं, कोथिंबीर, येताना गिरणीतून पीठ," असं शेवंतीने सांगितलं की हा दारात चपला घालत तेच परत म्हणायचा. शेजारणी हसायच्या. शेवंतीला मात्र त्याचा फार उपयोग. तो परत न म्हणता निघाला, की काहीतरी लपवतोय हे तिला पक्कं कळायचं.

वादळ कोकणावरून जाऊन परवा संपलं होतं, पण तिकडचे फोन अजून मुके होते. शेवंतीचा धाकटा भाऊ रतन देवगडच्या पुढे खाडीकाठच्या वाडीत राहायचा. माहेर म्हणायला तेवढा एकच उरलेला. "होडी बघून येतो गं," म्हणाला आणि त्याचा फोन तुटला, तो तुटलाच. तेव्हापासून तिच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं.

कोल्हापूरचा प्रितम, कॉलेजात शिकवणारा आणि लवूकडेच रेडिओ शिकलेला, जीपमध्ये सामान टाकून त्या वाडीच्या शाळेत जाऊन बसला होता. त्या भागातून बाहेर येणारा आवाज तेवढाच. लवू हेडफोन लावून ऐकत होता. एका बाळंतिणीला हलवायला बोट हवी होती. कुणाचं इन्सुलिन संपलं होतं. पलीकडच्या रस्त्यावर झाडं पडली होती.

"आता इचारा," शेवंती म्हणाली. घाबरली की ती मालवणीवर यायची.

"आता नाही गं. आधी जीव वाचवायचे निरोप. घरच्यांची चौकशी शेवटी."

"माझो भाव काय जीव नाय?"

हा नियम त्याने स्वतः कितीतरी पोरांना शिकवला होता आणि आज तो त्याला मेल्याहून मेल्यासारखा करत होता. समोर मालाडकडचे टॉवर उन्हात चकाकत होते, खाली सेक्टरच्या रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. इथे वादळाचं नावही उरलं नव्हतं.

"तो खोका लावा ना, मलाही ऐकू दे," ती म्हणाली.

"वाऱ्यात स्पीकर नीट ऐकू येत नाही."

हे खोटं होतं. येणारं काय असेल ते आधी आपल्या कानात यावं, एवढाच त्याचा बेत होता. वाईट असलं, तर तिला खाली न्यायचं, पाणी द्यायचं, मुलुंडहून रेवतीला बोलावून घ्यायचं आणि लेक जवळ बसली की मग सांगायचं. सकाळपासून त्याने मनात सगळं लावून ठेवलं होतं.

शेवटी त्याची पाळी आली. त्याने रतनचं नाव, वाडी, वय सांगितलं. प्रितम म्हणाला, "थांबा, विचारतो." बराच वेळ नुसती खरखर. मग प्रितमचा आवाज आला, सावकाश आणि फार नीट.

लवूने ऐकलं. माइक हातात होता, पण त्याने बटण दाबलं नाही.

"मुंबई, परत वाचा. ओव्हर."

"मिळालं," लवू कसाबसा म्हणाला. "समजलं. ओव्हर."

"काका, तसं नको. वाचून दाखवा. नावात चूक झाली तर भलत्याच घरात रडारड होईल. तुम्हीच सांगायचात ना. आणि माझी बॅटरी उतरतेय. ओव्हर."

सगळं ठरवलं होतं आणि नेमकं हेच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. ज्या रीतीवर तो आयुष्यभर घरीदारी मिरवला, ती त्याला आज तिच्यादेखत तोंड उघडायला लावत होती.

"काय म्हणतो तो?" शेवंतीने विचारलं.

"खरखर आहे गं. कळत नाही."

शेवंती त्याच्याकडे बघत राहिली. वाऱ्याने तिचा पदर काठीभोवती गुंडाळला गेला होता, तो तिने सोडवला नाही.

"तुम्ही परत वाचलं नाहीत," ती म्हणाली.

त्याने माइक तोंडाजवळ नेला आणि परत खाली घेतला.

"वाचा. तो थांबलाय."

त्याने बटण दाबलं. "रतन, खालची वाडी. होडी बांधायला गेले होते. काल खाडीच्या काठाला मिळाले." त्याचा आवाज फाटला. "हयात नाहीत. मुंबईला बहिणीला कळवावं. ओव्हर."

"बरोबर," प्रितम म्हणाला. "काका, मला... बरोबर. ओव्हर."

शेवंतीने कपाळ काठीला टेकलं. तिचा आवाज आला तो ओरडल्यासारखा नव्हता, भांडल्यासारखा होता. "होडी गेली तर गेली, म्हटलंय त्याका. किती येळा म्हटलंय." मग ती रडायला लागली. काठी हलली, वरची तार थरथरली आणि हेडफोनमध्ये खरखर वाढली.

लवू तिला धरायला उठला, पण हेडफोनची वायर ताणली गेली.

"बसा तुम्ही," ती म्हणाली. "सपनाच्या आवशीचा इचारूचा ऱ्हवला. ती कवापासून जिन्यात बसलीहा."

गच्चीच्या दाराशी दुसऱ्या मजल्यावरची सपना उठून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. पुढे यावं की नाही, हे तिला कळत नव्हतं.

लवू खाली बसला. त्याने सपनाच्या आईचं नाव सांगितलं, वाडी सांगितली. मग त्याने हेडफोनची पिन उपटली. स्पीकर सुरू झाला आणि प्रितमचा आवाज सगळ्या गच्चीवर पसरला.

"थांबा, विचारतो. ओव्हर."

शेवंतीने खांद्याने डोळे पुसले आणि काठी पुन्हा सरळ धरली.