दोन स्पीकरांच्या मधली जागा

मित्रांनो, बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या डाव्या हाताला जो तपकिरी लाकडी खोका उभा दिसतो, तो मी. मी एक जुना स्पीकर आहे. उंचीने तुमच्या कमरेएवढा, आणि वजनाला असा की मला उचलणारी दोन माणसे जिन्यातच एकमेकांवर चिडतात. उजव्या हाताला उभा आहे तो माझा जोडीदार. आम्ही एकाच फळीतून कापले गेलो आणि एकाच दिवशी बोलायला शिकलो.

एका सुताराने आमची अंगे बांधली. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने आमच्या छातीत कागदाचे पडदे बसवले. पडदा पुढे येतो, मागे जातो, हवा हलते, आणि त्यालाच तुम्ही आवाज म्हणता. त्या दुरुस्तीवाल्याने आम्हाला एकच शिस्त लावली. दोघांनी एका वेळी पुढे यायचे, एका वेळी मागे जायचे. "पाऊल चुकवलंत तर मधला माणूस पडेल बरं का," असे तो म्हणाला. आमच्या मधे कोणीच नव्हते, म्हणून मला ती थट्टा वाटली.

आम्हाला एका शिंप्याने विकत घेतले. खाली दुकान, वर घर. त्याची बायको देवाच्या कथा गाऊन सांगत असे. थोडे बोलायची, बोलता बोलता सुरात शिरायची, लोकांना हसवायची, आणि हसणाऱ्यांचे डोळे कधी भरले ते त्यांनाही कळायचे नाही. तिची एकच कथा शिंप्याने कॅसेटवर भरून घेतली होती. पुढे ती एका आजारात गेली. कॅसेट राहिली.

त्यानंतर दर रविवारी दुपारी शिंपी गळ्यातली मापाची टेप काढून आमच्यापासून खुर्चीपर्यंतचे अंतर मोजत असे. माझ्यापासून जेवढे, तेवढेच जोडीदारापासून. मग तो कॅसेट लावून डोळे मिटायचा. मला मधला माणूस कळला तो तेव्हा. तिचा आवाज अर्धा माझ्यातून येई, अर्धा जोडीदारातून. पण शिंप्याला ती ना माझ्यात ऐकू येई, ना त्याच्यात. ती आमच्या दोघांच्या मधोमध उभी राही, जिथे मोकळ्या भिंतीशिवाय काही नव्हते. श्वास घेताना ती किंचित उजवीकडे वळे, आणि शिंप्याची मानही तेवढीच वळे.

अशी बरीच वर्षे गेली. मग शिंप्याच्या मुलाला घरात सिनेमा हवासा वाटू लागला.

"बाबा, नवीन सेट आणतोय. पाच स्पीकर आणि एक धडधडणारा डबा."

"पाच? माणसाला कान दोनच असतात."

"हेलिकॉप्टर मागून आलं पाहिजे ना."

"माझ्या घरात हेलिकॉप्टर कशाला येईल? बसायला दोन खुर्च्या नाहीत धड."

सून इस्पितळात नर्स होती. दोघांचे ऐकून घेऊन तिने तोडगा काढला. पुढचे दोन आम्ही जुनेच राहायचे, आमच्या मधे टीव्ही. टीव्हीखाली संवादांसाठी एक नवा, सोफ्यामागे दोन नवे, कोपऱ्यात तो डबा. सिनेमा लागला की सगळ्यांनी बोलायचे. आईंची कॅसेट लागली की आम्ही दोघांनीच, बाकीचे गप्प. नव्या यंत्रात तशी सोय होती. मुलानेही ती मनापासून लावून दिली.

चूक झाली ती तारेत. नवी तार भिंतीतून नेताना ती दिसू नये म्हणून मुलाने पांढरी आणली. तिचे दोन्ही पदर पांढरे, एकावर फक्त केसाएवढी रेघ. आमच्या प्रत्येकाच्या पाठीत तार जोडायच्या दोन खुंट्या असतात, एक लाल, एक काळी. जोडीदाराच्या पाठीत त्याने रेघेचा पदर लाल खुंटीला लावला. माझ्या पाठीत तोच पदर काळ्या खुंटीला गेला. त्यानंतर यंत्राने तपासणीसाठी आम्हा सगळ्यांकडून एकेक आवाज काढून घेतला आणि टीव्हीच्या पडद्यावर लिहिले: डाव्या स्पीकरची वायर तपासा. मुलगा म्हणाला, "जुन्या स्पीकरला हे मशीन असंच बोलतं," आणि त्याने 'पुढे'चे बटण दाबले.

त्या क्षणापासून जोडीदार पुढे आला की मी मागे जाऊ लागलो. सिनेमात कोणाला पत्ता लागला नाही. बोलणारा मधला नवा, उडणारे मागचे दोन. मुलगा खूष होता.

रविवारी शिंप्याने टेपने अंतर मोजले, कॅसेट लावली, डोळे मिटले आणि लगेच उघडले. त्याने मागे वळून पाहिले. मग छताकडे.

"ती समोर नाहीये."

"आवाज येतोय की, बाबा," मुलगा म्हणाला.

"येतोय. पण ती उभी नाही. घरभर फिरतेय. कानामागे येते, निघून जाते, कुठे थांबत नाही."

मित्रांनो, ते पाहवत नव्हते. तिच्या आवाजाला अंगच उरले नव्हते. शिंपी त्या आवाजामागे खोलीभर हिंडायचा. एकदा त्याने कपड्यांचे कपाट उघडून पाहिले. एकदा आतल्या खोलीचे दार लावलेले होते ते उघडून, तिथे खुर्ची लावून ठेवली, दार पुन्हा लागू नये म्हणून. मुलाने त्याला कान तपासायला नेले. डॉक्टरांनी सांगितले, वयाच्या मानाने कान छान आहेत. मग शिंप्याने स्वतःच कारण शोधले. तिच्या जागेवर आपण टीव्ही ठेवू दिला, म्हणून ती रुसली. आता तिला इथे राहायचे नाही, आणि आपण कॅसेट लावून लावून तिला ओढून ठेवतो आहोत.

"हे दोन खोके देऊन टाक कोणाला तरी," तो एका सकाळी मुलाला म्हणाला. "आणि कॅसेटही त्यांच्याबरोबर जाऊ दे. तिला उगाच त्रास होतोय."

मला चूक ठाऊक होती. ती माझ्याच पाठीत होती. पण आमच्या तोंडी जे घातले जाते तेवढेच आम्हाला बोलता येते. त्या महिन्यात मी तिच्या आवाजातून कितीदा ओरडायचा प्रयत्न केला, पण माझ्यातून फक्त तिची कथाच निघाली.

जुने सामान घेणाऱ्याने रविवारी दुपारी येतो म्हणून कळवले. तो यायच्या आधी शिंप्याने शेवटची म्हणून कॅसेट लावली. या वेळी त्याने टेप काढलीच नाही. सुनेला त्या दिवशी सुट्टी होती. ती त्याच्या खुर्चीशेजारी खाली बसली.

"बाबा, नेमकं काय होतंय ते मला सांगा. घाई नाही."

"तू काय, नाडी बघणार आहेस तिची?"

"तुमचं ऐकणार आहे. पेशंट दुखतंय म्हणाला की आम्ही आधी कुठे ते विचारतो."

शिंप्याने गळ्यातल्या टेपचे टोक बोटाला गुंडाळले. मग म्हणाला, "कापड तेच आहे बघ. शिवणही तीच. पण एक बाही उलटी लागल्यासारखं वाटतं. लांबून बघितलं तर दोन्ही बाह्या जागेवर. अंगात घालायला गेलं की माणूस आत मावत नाही."

सून नवऱ्याकडे वळली. "हे बसवताना मशीन काही बोललं होतं?"

"वायर तपासा म्हणालं होतं. डावी."

"मग तू काय केलंस?"

"पुढे," मुलगा हळूच म्हणाला.

"वॉर्डात असं केलं असतं तर मला घरी बसवलं असतं."

तिने यंत्र बंद करायला लावले आणि मोबाइलचा उजेड घेऊन माझ्यामागे पोटावर झोपली. जोडीदाराची पाठ पाहिली, माझी पाहिली. मग माझे दोन पदर सोडवून अदलाबदल केले. कॅसेट पुन्हा सुरू झाली. माझा पडदा पुढे आला, आणि पलीकडून जोडीदारही पुढे आला.

"ऐका हं," कॅसेटमधून शिंप्याची बायको म्हणाली. "तुम्ही म्हणाल, देव दिसत नाही, मग हाक कोणाला मारायची? अहो, समोर दिसला असता तर हाक कशाला मारली असती?" लोक हसले, आणि ती सुरात शिरली.

शिंप्याने खुर्ची वीतभर मागे सरकवली, पुढ्यात कोणी येऊन उभे राहिल्यावर सरकवावी तशी. इतक्या वर्षांत मुलाने खुर्चीजवळ थांबून आपल्या आईला असे कधी ऐकलेच नव्हते. तो उभा होता तिथेच खाली बसला. खालून टेम्पोचा हॉर्न दोनदा वाजला. कोणी उठले नाही. कथा संपल्यावर मुलगा खाली गेला आणि त्या माणसाला चहा पाजून रिकामाच परत पाठवून आला.

मित्रांनो, तुमच्या घरात हौसेने सिनेमा बघा. मीही आता शनिवारी हेलिकॉप्टरात वाटा उचलतो. पण घरातले कोणी म्हणाले की पूर्वीसारखे ऐकू येत नाही, तर त्याच्या कानांवर बोट ठेवण्याआधी एकदा आमच्या पाठीमागे वाका. आणि कोणी गेलेले माणूस आमच्या भरवशावर ठेवले असेल, तर आमच्या तारा सुलट आहेत ना ते जपून बघा.

मी तिला कधी पाहिलेले नाही. मी या बाजूला, जोडीदार त्या बाजूला, मधे बंद टीव्ही आणि त्यामागे नुसती भिंत. पण रविवारी दुपारी तिघेजण त्या भिंतीकडे पाहत बसतात, आणि ती श्वास घेताना तिघांच्या माना एकदमच किंचित उजवीकडे वळतात.