शेवटचा बाक

निंबवड्याच्या शाळेत इतिहासाचा तास सुरू झाला की चौथीची खोली मागच्या बाजूने लांबायची, आणि परीक्षेपर्यंत तशीच लांब राहायची. पाठ जितका जुना, तितकी मागची भिंत दूर. पणजोबांच्या काळाचा धडा निघाला की शेवटचा बाक पार ओढ्यापलीकडे जाई. बाहेरून पाहिलं तर शाळा होती तेवढीच दिसे. गावाने कधी तक्रार केली नाही. फुकटात वर्गखोली वाढत असेल तर कोण कशाला बोलेल?

पुढे जे शिकवलं जाई, ते मागे घडत असे. "तेव्हा वीज नव्हती," असं बाई म्हणाल्या की मागचे पंखे नाहीसे होत. "तेव्हा कागद दुर्मिळ होता," म्हटलं की मागच्या पोरांच्या वह्यांच्या पाट्या होत. परीक्षेच्या दिवशी खोली गुमान जागेवर येई आणि मागची पोरं पुन्हा पुढच्यांच्या पाठीशी खेटून बसलेली दिसत, जरा रापलेली, जरा मोठ्याने बोलणारी. दरवर्षीचंच होतं ते.

दुधाळबाई शिस्तीच्या. यंदा त्यांची स्वतःची मुलगी रेवती चौथीत आली, आणि पहिल्याच दिवशी बाईंनी तिला शेवटच्या बाकावर बसवलं. शिक्षकाचं पोर पुढे बसलं की गावाच्या जिभेला कसं हाड राहत नाही, ते त्या ओळखून होत्या. आधी लगीन कोंढाण्याचं, हा त्यांचा बाणा. रेवतीने दप्तर उचललं आणि निमूट मागे गेली.

पुस्तक यंदा नवं आलं होतं. ते आजीच्या लहानपणापासून सुरू होऊन मागे मागे जात होतं. कुठवर जातं ते बाईंनी आधी बघून ठेवायला हवं होतं. पण शेवटच्या पानापर्यंत पुस्तक चाळणारा शिक्षक विरळाच, आणि बाईंना घरचंही सगळं बघावं लागे.

दिवाळीनंतर मंदा शेळके शाळेत आली. तिचा गणू रेवतीच्या पुढच्या बाकावर बसायचा.

"बाई, आमच्या गणूला फुडं घ्या. शाळा कवाच सुटली, अन् ह्यो दिवेलागणीला घरी आला. खोलीतनं दारापतुर चालतच होता म्हणं. बल्ब लावला तर डोळं झाकून कोपऱ्यात बसला."

"परीक्षा झाली की सगळं ठीक होतं, मंदाताई."

"व्हत असंल. तुमी फुडं घ्या."

बाईंनी गणूला पुढे घेतलं. मग आणखी कुणाची आई आली, कुणाचा मामा आला. हळूहळू मधले बाक ओस पडले. पुढे पोरं दाटीवाटीने बसू लागली आणि फार मागे, ठिपक्याएवढी, रेवती एकटी राहिली. तिच्यासाठी सांगायला कोण येणार? तिची आई तर शिकवत होती.

"आई, मलापण पुढे बसव ना," एकदा जेवताना ती म्हणाली.

"एवढा धडा होऊ दे."

"तिथे कुणीतरी असतं माझ्यामागे. भिंतीच्या पलीकडे."

"शेवटच्या बाकामागे काही नसतं," बाई म्हणाल्या, आणि तिच्या ताटात भाकरी वाढली.

पुढच्याच आठवड्यात धडा होता भटक्या टोळ्यांचा. "तेव्हा माणसं घर करून राहत नव्हती," असं बाईंनी शिकवलं, आणि त्या दिवशी रेवती घरी आली नाही. बाईंचा नवरा विलास उंबऱ्यावर बसून राहिला.

"तूच शिकवलंस," तो म्हणाला. आवाज चढवला नाही.

बाईंनी रात्रभर दाराला कडी लावली नाही. तरीही सकाळी त्या वर्गावर गेल्या. चालत मागे जावं तर शिकवण्याचा दिवस मोडेल आणि तेवढी परीक्षा लांबेल. त्यापेक्षा उरलेले धडे उरकावेत, परीक्षा घ्यावी, खोली आपोआप जागेवर येईल. हिशेब बरोबर वाटत होता. हजेरीला त्या रेवतीचं नाव घेत आणि फळा पुसता पुसता कान मागे लावून थांबत. बऱ्याच वेळाने एक बारीकसं "हजर" येई. त्या एका शब्दावर त्यांचा दिवस निघे.

शेवटचा धडा राहिला, तेव्हा तपासणीला केंद्रप्रमुख घाडगेसाहेब आले. ते खुर्चीवर बसले आणि पुस्तक उघडून म्हणाले, "घ्या."

धडा बाईंनी त्या सकाळी कणीक मळताना वाचला होता. पिठाचे हात तसेच ठेवून त्या बराच वेळ ओट्याशी उभ्या होत्या.

"साहेब, हा धडा मी घेणार नाही."

"धडे पूर्ण झाल्याशिवाय परीक्षा नाही."

"मागे माझी मुलगी आहे."

साहेबांनी मागे वळून पाहिलं, लांबवर. "मागे कुणाची ना कुणाची असतेच, बाई."

बाईंनी खडू टेबलावर ठेवला आणि बाकांमधल्या वाटेने चालू लागल्या. साहेब उठले. त्यांनी खडू उचलल्याचा आवाज बाईंना स्पष्ट ऐकू आला.

आधी पंखे संपले. मग फरशी संपून सारवलेली जमीन लागली, मग नुसती माती, मग खडक. वर पत्रा नव्हता, काळा कातळ होता. बाई धावत होत्या, पदर खोचलेला, चपला कुठे राहिल्या ते माहीत नाही. शेवटी एक आडवं खोड दिसलं. त्यावर गुडघे पोटाशी घेऊन रेवती बसली होती. केसांच्या जटा झालेल्या. समोर छोटीशी शेकोटी.

"आई, तास संपला?"

"संपेल. चल, ऊठ."

बाईंनी तिचा हात धरला. तेवढ्यात पुढून, खूप दुरून, सगळ्या वर्गाने एका सुरात म्हटलेलं वाक्य आलं. "त्या काळी माणसाला आग ठाऊक नव्हती."

शेकोटी नाहीशी झाली. निखारा नाही की धूर नाही. कातळाच्या पलीकडे काहीतरी जड अंगाचं उठून उभं राहिलं आणि हुंगू लागलं.

"धाव," बाई म्हणाल्या. दोघी अंधारात, जिथून आवाज येत होता त्या दिशेने पळू लागल्या.

"त्या माणसांची नावे आपल्याला माहीत नाहीत," वर्ग म्हणाला.

हातातला हात निसटला. बाई वळल्या. त्यांनी मुलीला हाक मारायला तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. नाव नव्हतं. त्या ज्या नावाने रोज हजेरी घेत होत्या ते नाव शोधत अंधार चाचपू लागल्या. हाताला एक लहान, गार मनगट लागलं. ते त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

आता एकच वाक्य उरलं होतं. बाईंनी ते सकाळी वाचलं होतं: त्या काळी लहान मुले फारशी जगत नसत.

"सगळ्यांनी मोठ्याने," दुरून साहेबांचा आवाज आला, आणि सगळ्या वर्गाने एकदम श्वास आत घेतला.