शून्य म्हणजे हसरा चेहरा

तुम्हाला कधी कोणी विचारलंय का हो, की तुमच्या दुखण्याला दहापैकी किती मार्क देता?

नाही ना? म्हणजे तुम्ही अजून कुठल्या संशोधनात सापडला नाहीत. ज्या बायका सापडल्या, त्यांना मी हे दिवसातून तीनदा विचारत होते. मी चेहऱ्यांची पट्टी बोलतेय. वीतभर लांब, चार बोटं रुंद, आणि अंगावर ओळीने सहा गोल चेहरे. डावीकडचा पहिला खुदकन हसतो, त्याच्याखाली शून्य. उजवीकडचा शेवटचा धाय मोकलून रडतो, त्याच्याखाली दहा. मधले चौघे आपापल्या ऐपतीप्रमाणे तोंड वाकडं करतात. माणसाची सगळी वेदना एवढ्यात बसते, असं मोठ्या शिकलेल्या लोकांनी ठरवलंय. मग माझ्यासारखीने वाद कशाला घालायचा?

माझा जन्म बोईसरचा, फ्लेक्सच्या दुकानातला. दुकानदार दर्पणचा हात पुढाऱ्यांच्या वाढदिवसांवर बसलेला. माझा रडका चेहरा बघून तो म्हणाला, "साहेब, हा जरा बरा करू का? बघणाऱ्याला वाईट वाटतं."

"नको, तो रडकाच पाहिजे," मला छापून घ्यायला आलेला निमेश म्हणाला.

"बरं. मग कडेने फुलं तरी टाकतो."

अशी माझ्या चारी बाजूंनी गुलाबी फुलांची वेल आली. वर दोन्हीकडून प्लास्टिक चढवलं, म्हणजे कुणाचे अश्रू माझ्या आत उतरायला नकोत. बाहेरून पुसली की झालं.

निमेश हा माझा मालक. औषधांचं शिकलेला, चष्मेवाला, स्वभावाने गरीब. बोईसरच्या कारखान्यांच्या भागातल्या एका कंपनीने दुखण्यावरची नवी गोळी तयार केली होती. पोटात सावकाश विरघळायची आणि बारा तास दुखणं दाबून ठेवायची. सिझेरियन झालेल्या साठ बायकांना ती देऊन बघायची, असं ठरलं. त्यासाठी पालघरच्या एका इस्पितळातला बारा खाटांचा बाळंतिणींचा वॉर्ड निवडला. प्रत्येकीने आधी अकरा पानांच्या कागदावर सही करायची. "वाचलंत ना ताई?" असं निमेश विचारायचा. बाई "हो" म्हणायची. पान उलटं धरलेलं असलं, तर तो ते हळूच सुलटं करून द्यायचा. असा तो सज्जन.

मला मात्र माझ्या कामाचा अभिमान होता. वॉर्डात भेटायला येणारे लोक मी रोज बघायचे. मुलगा की मुलगी, गोरं की सावळं, नाक कोणावर गेलंय, दूध येतंय का, एवढं सगळं विचारून होई. जिचं पोट फाडून ते बाळ काढलं, तिला "तुला दुखतंय का गं?" हे विचारणारी मी एकटी. तीही छापील.

उत्तरं काय सांगू! एकीने दुसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, कारण तो तिच्या भावासारखा दिसत होता. एकीच्या नवऱ्याने मध्येच मला ओढून घेतलं आणि म्हणाला, "तिला जास्त नाय दुखत. दोन लिवा." दोन लिहिले. कळा तिच्या, मार्क त्याचे.

मग वॉर्डाला एक शोध लागला. पाच नंबरच्या खाटेवरच्या बाईने शेजारणीला सांगितलं, "हसऱ्यावर बोट ठेव, लवकर घरी सोडतात." तिने पुढच्या खाटेला सांगितलं. दोन दिवसांत सगळ्या बायका शून्यावर आल्या. उठताना ओठ चावत होत्या, बाळाला घेताना डोळे मिटत होत्या, आणि मी समोर आले की बोट थेट हसऱ्यावर. तिकडे कंपनीत आनंदीआनंद. असं औषध झालं नाही, म्हणे. साहेब लोक पेढे घेऊन आले. एक पेढा माझ्यावर ठेवून सिस्टरला दिला, तेव्हा हसऱ्या चेहऱ्याला तूप लागलं आणि तो आणखीच चमकायला लागला.

अशात सोमवारी हिरा आली. दांडी गावची, कोळ्याघरची सून, खाट नंबर सात. त्याच दिवशी सिझेरियन होऊन मुलगी झाली. नवरा सुजीत बोटीवर जाणारा, पोरीला बघून दुसऱ्या दिवशी परत समुद्रात गेला. सोबतीला सासू.

हिराची ही दुसरी वेळ. पहिला मुलगा तीन दिवस जगला होता. त्याची पाचवी झालीच नाही. पाचव्या दिवशी सटवाई बाळाच्या कपाळावर नशीब लिहायला येते, तिच्यासाठी घरात पाटी-पेन्सिल मांडून पूजा करतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं? हिराच्या घरी त्या वेळी आणलेली पाटी कोरीच राहिली. म्हणून या मुलीची पाचवी घरीच, देवापुढेच व्हायला हवी, हे तिने मनाशी पक्कं धरलं होतं. पाचवी शुक्रवारी होती. गुरुवारी संध्याकाळी घरी सोडू, असं डॉक्टर म्हणाले होते. एकाच अटीवर, सगळं ठीक असलं तर.

"ताई, आज किती?" बुधवारी सकाळी निमेशने मला पुढे केलं.

"बरा हाय." बोट शून्यावर.

त्या बोटाचा चटका मला बसला. प्लास्टिकवर वाफ धरली आणि हसरा चेहरा क्षणभर धुक्यात गेला. मला कळलं, हिला ताप आहे. पण मला विचारता येतं, सांगता येत नाही. निमेशने हातातल्या टॅबमध्ये शून्य लिहिलं आणि मला पॅन्टला पुसलं.

ताप सिस्टरला का कळला नाही? कारण हिराने नवरा असतानाच "डोकं दुखतंय" म्हणून त्याच्याकडून तापाच्या गोळ्यांचं पाकीट मागवून ठेवलं होतं. थर्मामीटर यायच्या तासभर आधी ती एक गोळी गिळायची. नव्या औषधाच्या एवढ्या मोठ्या अभ्यासात जुनी साधी गोळी उशीखाली बसून काम करत होती. सासूलाही पत्ता नव्हता. ती येईल त्याला सांगत होती, "आमी चार पोरं घरी जनली. या हल्लीच्या पोरींना नुसता झोपायला पायजे."

गुरुवारी दुपारी लाडकी आली. ही वॉर्डातली आया. तिच्याकडे ना टॅब, ना पट्टी. चादर बदलता बदलता ती थांबली.

"पोरी, जरा खोक बगू."

"कशाला मावशी? मना नाय खोकला."

"मी सांगते म्हनून खोक."

हिराने खाटेचा दांडा धरला, श्वास घेतला, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. खोकला आलाच नाही. डोळ्यांतून पाणी आलं.

लाडकीने जवळ जाऊन वास घेतला आणि सरळ हेमांगी सिस्टरला हाक मारली. "तीस वर्सं चादरी बदलते हाय. ह्यो वास बरा नाय."

"पण सिस्टर, सकाळी शून्य होतं," निमेश टॅब पुढे करत म्हणाला. "काल शून्य, परवाही शून्य."

"शून्य तुमच्या टॅबमध्ये आहे. तिच्या पोटावर काय आहे ते बघू द्या."

उशी उचलली तर पाकीट सापडलं. गोळीचा अंमल उतरला होता, ताप एकशे दोन निघाला. डॉक्टर बळवंत आले, ड्रेसिंग उघडलं. टाक्यांच्या कडेला लालभडक सूज आणि आत पू.

"दोन टाके उघडून आत्ताच साफ करावं लागेल. मग सात-आठ दिवस इथेच राहायचं."

"आज नको," हिरा म्हणाली. "उद्या पाचवी हाय. मना घरी जाऊ द्या, शनवारी येते. देवाशपथ येते."

"शनिवारपर्यंत हे अंगात भिनलं, तर तुला आणावं लागेल बाई, तू येणार नाहीस."

"चालंल. माझ्या पोरीचा नशीब कोरा नाय राहिला पायजे."

सासू भडकली. "गो, मना सांगायचा होता ना तू!"

"तुमाला सांगितला असता, तर तुमी म्हनाल्या असत्या, आमी चार पोरं घरी जनली."

मध्ये पडली ती लाडकी. "सटवाय काय घर नंबर बगून येते? आमच्या पाड्यावरच्या बाया वीटभट्टीवर बाळंत होतात. तिथं पन येते ती. पोर असंल तिथं येते."

सासूने बाळाकडे बघितलं. मग पदर खोचत म्हणाली, "डॉक्टर, तुमी तुमचा काम करा. पाचवी मी इथंच मांडते. कोन नाय म्हनतो ते बगते."

"सिस्टर नाय म्हनतील," हिरा रडत रडत म्हणाली.

"मी कशाला म्हणू? उदबत्ती तेवढी लावू नका, ऑक्सिजन आहे," हेमांगी म्हणाली.

मग हिराने निमेशकडे हात पसरला. त्याने गोंधळून मला दिलं. हिराचं तापलेलं बोट शून्यावरून निघालं, एकेक चेहरा मागे टाकत शेवटच्या रडक्यावर जाऊन टेकलं. तिने ते दाबूनच धरलं. सहा महिन्यांत त्या बिचाऱ्या दहाला पहिल्यांदा कोणी हात लावला होता.

हिराला आत नेलं. नियमाप्रमाणे निमेश टॅबमध्ये 'गंभीर घटना' हा अर्ज भरायला बसला. 'आधी चुकीचे गुण दिल्याचे कारण' अशी एक चौकट होती.

"सिस्टर, काय लिहू?"

"लिहा, घरी पाचवी होती."

त्याने यादी वर-खाली शोधली. मळमळ होती, चक्कर होती, भाषेची अडचण होती. पाचवी नव्हती. त्याने 'इतर' निवडलं. पण मग त्याने कंपनीला वेगळं पत्र लिहिलं, की आपली सगळी शून्यं पुन्हा तपासावी लागतील. कंपनीने या वेळी पेढे पाठवले नाहीत.

तपासणी अजून चालू आहे. मी वॉर्डात खिळ्याला टांगलेली आहे. कोपऱ्यातून प्लास्टिक सुटलंय, फुलांची वेल विटलीय. मला अजून वापरतात, पण आता मी एकटी जात नाही. आधी सिस्टर सांगते, "रडक्यावर बोट ठेवलं म्हणून कोणाला डांबून ठेवत नाही. आणि घरी काही कार्य असलं तर तेही सांगा." मग लाडकी म्हणते, "खोक बगू." सगळ्यांत शेवटी मी. संशोधनात माझा नंबर असा घसरला. तुमच्या घरी कोणी बाळंतीण आली, तर मला आणायला बोईसरला धावू नका. तिच्याजवळ बसा, विचारा, आणि ती "बरी आहे" म्हणाली तर लगेच उठून जाऊ नका.

हिराचं पुढचं सांगायचं राहिलं. शुक्रवारी सकाळी तिचा ताप शंभराखाली आला, आणि भेटायच्या वेळेत, दहा ते अकरा, तिच्या सासूने सात नंबरच्या खाटेशेजारच्या लोखंडी कपाटावर पाटी-पेन्सिल मांडून मुलीची पाचवी केली.