लांबचा फोटो

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात आणि जेवायला मात्र कधी वेळेवर येत नाहीत. दुकानाची भिंत घड्याळांनी भरलेली, निम्मी दुरुस्तीला आलेली, प्रत्येकाची वेळ वेगळी. मी जेवायला हाक मारली की हे त्यातलं सोयीचं घड्याळ बघतात आणि म्हणतात, "अजून अर्धा तास आहे की!" लग्न झाल्यापासून मी या माणसाशी भांडत आलेय. आता महिना होत आला, भांडायला माणूसच घरात नाही.

फुफ्फुसात जंतुसंसर्ग झालाय. दुसऱ्याला लागण होईल म्हणून वेगळ्या वॉर्डात ठेवलंय. आत कुणालाच सोडत नाहीत, बायकोलाही नाही. सुरुवातीला फोनवर बोलायचे. मग तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढला आणि बोलणं बंद झालं. त्याच्या आदल्या दिवशी म्हणाले, "समोर गाड्यांच्या पार्किंगची इमारत आहे ना, तिच्या गच्चीवर रोज चारला येऊन उभी राहा. मला खिडकीशी बसवायला सिस्टरना सांगून ठेवलंय. आणि हो, वेळेवर ये."

मला म्हणे वेळेवर ये! चोराच्या उलट्या बोंबा.

तर मी रोज जाते. रस्त्यापलीकडे, तिसऱ्या मजल्यावर, जाळी लावलेली खिडकी. मागे पांढरा पडदा, पुढे निळ्या कपड्यातला माणूस. जवळचं काम करून करून माझ्या डोळ्यांना लांबचं नीट दिसत नाही, चष्मा लावूनही सगळं धुरकट. पण चार वाजले की त्या धुरकटात एक हात वर होतो आणि हलतो. मी दोन्ही हात हलवते. एकदा एका गाडीवाल्याला वाटलं मी त्यालाच खुणावतेय, तो बिचारा गाडी मागे घेत घेत भिंतीला लावून बसला.

वॉर्डात फोन केला की एकच उत्तर, "पेशंट स्थिर आहेत." स्थिर तर टेबलही असतं.

आमची लेक विमानाने जावं लागतं इतक्या लांब राहते. बाळ अजून अंगावर पितंय. रोज विचारायची, "आई, येऊ का गं?"

"तान्ह्या पोराला घेऊन कुठे तडफडतेस? बाबा रोज हात हलवतात. सुट्टी लागली की सावकाश ये."

"मला एक फोटो पाठव. तोंड दिसेल असा. तो बघून मी ठरवते."

मोबाईलने काढला तर भिजलेल्या खडूसारखं काहीतरी आलं. "बाबा कुठेत यात?" तिने विचारलं. मलाच सांगता येईना. मग म्हणाली, "दुकानातला कॅमेरा घे ना. एवढी महागाची लेन्स आहे."

ती लेन्स म्हणजे मॅक्रो, अगदी जवळच्या बारीक वस्तूंची. घड्याळ उघडायच्या आधी आणि उघडताना प्रत्येक थराचा फोटो मी काढते. कुठला स्क्रू कुठला, कुठली स्प्रिंग कुठल्या दातात, हे नंतर बसवताना कळायला हवं ना. यांची नजर अधू झाल्यापासून तर हे माझा फोटो मोठ्या स्क्रीनवर लावूनच काम करतात. त्यांचं ठरलेलं वाक्य आहे: "तू साफ काढ, पुढचं मी बघतो." आणि खरंच बघतात. घड्याळ कितीही मोडलेलं असू दे, माझा फोटो साफ आला की मी निर्धास्त.

तो कॅमेरा घेऊन गच्चीवर गेले. बटण दाबलं. लेन्स घुर्र घुर्र करत पुढे गेली, मागे आली, थांबली. खिडकीच्या जागी नुसता पांढुरका गोळा. चार वाजून गेले, हात हलला, मीही घाईत एक हात हलवून घेतला, माझं आपलं घुर्र घुर्र चालूच.

घरी येऊन यांच्या मित्राला फोन केला. तो कॅमेरे दुरुस्त करतो. म्हणाला, "वहिनी, लेन्सच्या कडेला एक छोटी कळ आहे बघा. ती 'जवळ'वर असेल तर लेन्स लांबचं शोधतच नाही."

कळ 'जवळ'वरच होती. नुसती होती कसली, लाखेचा थेंब टाकून चिकटवलेली होती! जे हलायला नको त्यावर लाख टाकायची, ही यांची घड्याळातली खोड. लेन्स आणली त्याच दिवशी टाकली असणार. आपल्याला लांबचं काय करायचंय, असं तेव्हा दोघांनाही वाटलं. मी सुईने ती लाख खरवडून काढली. खरवडताना फार वाईट वाटलं, त्यांच्या हातचं काही मोडतेय असं.

दुसऱ्या दिवशी लेन्सने खिडकी सोडून आमच्याच गच्चीचा कठडा पकडला. देवा! तिथूनच पुन्हा मित्राला फोन.

"ऑटो बंद करा," तो म्हणाला. "हाताने रिंग फिरवा. मॅक्रोची जवळजवळ सगळी रिंग जवळच्यासाठी असते. लांबचं जे काही आहे ते शेवटच्या केसभर फिरण्यात आलं. अगदी टोकाला नेऊ नका, तिथे पुन्हा धुरकट होतं. टोकापासून केसभर मागे. कॅमेरा कठड्यावर टेकवा, स्क्रीनवर खिडकी मोठी करून घ्या, आणि चौकटीची कड धारदार दिसली की रिंग सोडून द्या. माणूस तिथेच येणार आहे."

"एवढंच ना?"

"आणि वहिनी, तुम्ही फोटो काढताना पुढे-मागे झुकता, ते नको. लांबच्याला त्याचा उपयोग नाही."

हे मात्र खरं. मॅक्रोत रिंगला हात लावायचा नसतो, आपणच श्वास रोखून तसूभर पुढे झुकायचं, स्क्रू आपोआप साफ दिसतो. माझ्या अंगातच मुरलंय ते. त्या गच्चीवरही मी झुकत होते, मध्ये अख्खा रस्ता असताना.

काल कॅमेऱ्याखाली घडी घातलेला टॉवेल ठेवला. रिंग टोकाला नेली, केसभर मागे आणली. चौकट धुरकट होती ती सावरली, कड आली, मग जाळीची वीण दिसली. केसभर म्हणजे किती हे या हातांना कुणी शिकवायला नको. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने म्हणाले, "अहो, जमलं!"

चार वाजले. हे आले. हात वर झाला, हलला. मी बटण दाबत राहिले. मग स्क्रीनवर फोटो मोठा केला.

यांची मान खांद्यावर पडली होती. डोळे अर्धवट उघडे, स्वतःच्या मांडीकडे. आणि त्यांच्या मागे, पांढऱ्या पडद्यापुढे पांढऱ्या कपड्यातली सिस्टर उभी होती. तिने यांचं मनगट धरलं होतं. हात तीच वर करत होती, तीच हलवत होती. यांची बोटं, ज्या बोटांनी चिमट्यात केसाएवढा स्क्रू धरलाय, ती रिकाम्या हातमोज्यासारखी लोंबत होती.

आधी संताप आला. कधीपासून चाललंय हे? पहिल्या दिवसापासून? मी वेड्यासारखी दोन्ही हात हलवतेय ते कुणाला? मग पुढचा फोटो मोठा केला. सिस्टर यांच्याकडे बघत नव्हती. वर माझ्याकडे बघत होती, माझा हात हलायची वाट बघत. यांनी सांगून ठेवलं होतं, आणि बाईने ते पाळलं होतं. मग राग कुणावर धरायचा?

फोटो इतका साफ आला होता की यांनी पाठ थोपटली असती. मी तो कॅमेरा छातीशी धरून रडले. काय मोडलंय ते सगळं दिसत होतं. पुढचं बघणारा माणूस तिथे मान टाकून बसला होता.

लेकीला तिथूनच फोन लावला.

"आला का फोटो?"

"आला."

"साफ?"

"हो, साफ आलाय."

"मग पाठव ना!"

"पाठवत नाही. तू ये."

तिच्या मागे बाळ कुरकुरत होतं. "आई, पण बाबा हात हलवतात ना रोज?"

"हात हलतो गं," मी म्हटलं. "तू ये. मिळेल त्या विमानाने ये."

फोन ठेवला आणि समोर खिडकीकडे पाहिलं. पुन्हा तोच धूसर निळा माणूस, तोच पांढरा पडदा, आणि हात अजून वरच होता. मी हात हलवायचा विसरले होते म्हणून सिस्टरने तो खाली घेतला नव्हता. मी घाईघाईने दोन्ही हात हलवले. हलवता हलवता सवयीने कठड्यावरून तसूभर पुढे झुकले.